माशाचं तोंड कुणाकडं

सापगावचा पूल लागायच्या आधी, शहापूर-मुरबाड रस्त्याच्या कडेला, एका जांभळीच्या सावलीत मच्छीवाल्या बाया बसतात. त्यांच्यात शेवटची जागा यमूची होती. दिवाळीनंतर यमू गेली आणि तिच्या जागेवर तिचा नवरा बाळ्या येऊन बसायला लागला.

बाळ्या धरणात मासे धरणारा माणूस. ट्रकच्या दोन ट्यूबा आणि त्यांवर बांधलेल्या फळ्या, हा त्याचा तराफा. बावीस वर्षं एकच नेम चालला होता. उजाडता उजाडता तो जाळं उचलून काठाला यायचा, यमू पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवून चढ चढायची आणि जीप धरून सापगावला यायची. दुपारी पाटी रिकामी करून परत. मधल्या वेळात ती नाक्यावर काय करते, कुणाशी काय बोलते, हे बाळ्यानं कधी पाहिलं नव्हतं. मासा धरायचा तो पुरुषानं आणि विकायचा तो बाईनं, अशी वाडीची रीत. एकदाही तो तिच्या शेजारी जाऊन बसला नव्हता. आता त्याला त्याचं वाईट वाटायचं. तेव्हा ते डोक्यातच आलं नव्हतं.

यमूला कावीळ झाली. तिनं ती अंगावर काढली. मग औषधपाणी झालं, पण महिन्याभरात ती गेली.

दिवसपाणी झाल्यावर मुलगा अजय म्हणाला, "बाबा, धरणावर व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. त्याला मच्छी घाला नि मोकळे व्हा. नाक्यावर बसून काय करणार तुमी?"

"जागा रिकामी राहिली तर कोण पन येऊन बसंल."

"बसू दे की."

"तुझी आय बसायची तिथं."

अजय भिवंडीकडं गोदामात कामाला. आठ-आठ दिवसांनी घरी येणारा. त्यानं जास्त ताणलं नाही. "गुढीपाडव्यापर्यंत बघा," तो म्हणाला. "नाय जमलं तर टेम्पोला घालायचं. उन्हातान्हात बसून तुमी आजारी पडायला नको."

बाळ्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पाटी उचलली.

पहिले आठ दिवस बरे गेले. यमूच्या ओळखीच्या बाया यायच्या, तिच्याबद्दल दोन शब्द बोलायच्या, जाताना मासा घेऊन जायच्या. मग त्या कमी कमी झाल्या. यायच्या, पाटीकडं एक नजर टाकायच्या, "बरा हायेस ना रे बाळ्या?" म्हणायच्या आणि पुढं जाऊन दुसऱ्या बाईकडं मच्छी घ्यायच्या. बाळ्याला कळेना. मासा तोच, धरण तेच, धरणारा हात तोच. उलट आता तो मासे जास्त नीट मांडायचा. सागाची पानं धुऊन पसरायचा, त्यांवर एकेक कटला, रोहू ओळीनं लावायचा, वर पाण्याचा हात फिरवायचा. तोंडं आपल्याकडं, शेपट्या रस्त्याकडं.

ही त्याची तराफ्यावरची सवय. जिवंत मासा उसळतो तो तोंडाच्या दिशेनं. तराफ्यावर ठेवताना त्याचं तोंड आपल्याकडं ठेवलं, तर तो उसळून आपल्या मांडीवर येतो. पाण्याकडं ठेवलं, तर गेला. चाळीस वर्षं हाताला हेच वळण. नाक्यावर मेलेला मासा कुठं उसळणार नव्हता, पण हात काही विचार करत नाही.

शेजारी लहानी बसायची. तिचं दुकान सुकटीचं नि बोंबलांचं, त्यामुळं तिची-त्याची चढाओढ नव्हती. लहानी त्याला म्हणायची, "तू तोंड लय पाडून बसतोस. बाया घाबरतात."

"मग काय हसू?"

"हसू नको. पन निदान 'घ्या, घ्या' तरी म्हण. यमूचा आवाज पुलापलीकडं जायचा."

बाळ्यानं एकदा 'घ्या' म्हणून पाहिलं. एक कुत्रं उठून गेलं, बाकी काही झालं नाही.

माघात सुनेनं लेबलाचं काढलं. वर्षा बारावी शिकलेली, बचत गटात पुढं होऊन बोलणारी. शहरातली एक संस्था धरणाकाठच्या वाड्यांमध्ये यायला लागली होती. त्यांचं म्हणणं असं, की जो बारीक जाळं टाकणार नाही, पिल्लं धरणार नाही, पावसाळ्यात मासा अंडी घालायला वर चढतो तेव्हा दोन महिने जाळं सुकत ठेवील, त्याच्या मच्छीला संस्था लेबल देईल. गाडीतून येणारी शिकलेली माणसं असं लेबल बघून मासा घेतात.

"मासा सोडून लेबल बघतात?" बाळ्यानं विचारलं.

"बाबा, माणसाला वाटतं ना, आपन खातो ते कुणाचं वाटोळं करून खात नाय."

हे बाळ्याला पटलं. गेल्या दहा वर्षांत धरणातला मासा कसा कमी झाला, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मच्छरदाणीसारखी जाळी लोक टाकत होते आणि बोटाएवढी पिल्लं खरवडून नेत होते. त्याचं स्वतःचं जाळं चार बोटं जातील एवढ्या भोकांचं होतं. बारीक जाळं एक होतं, ते त्यानं काढून भोपळ्याच्या वेलावर टाकलं. अट पुरी झाली.

लेबल आलं. वाटोळा हिरवा पुठ्ठा, वरून प्लॅस्टिक लावलेलं, मध्ये माशाचं चित्र आणि खाली अक्षरं. बाळ्याला वाचता येत नव्हतं. वर्षानं वाचून दाखवलं, "जपून धरलेली मच्छी." मागची बाजू कोरी पांढरी. भोकातून दोरा ओवायचा आणि माशाच्या कल्ल्यात बांधायचा.

पहिल्या दिवशी वर्षा स्वतः बरोबर आली. बाळ्यानं नेहमीसारखे मासे लावले तशी ती म्हणाली, "बाबा, असं काय? लेबलं तुमच्याकडं झाली सगळी. तुमाला बघायची हायेत काय? गिऱ्हाइकाला दिसली पायजेत. तोंडं रस्त्याकडं करा."

त्यानं केली. बारा मासे, बारा हिरवे ठिपके, सगळे रस्त्याकडं बघतायत.

दोघं आली त्याच जीपमधून देवकीबाय उतरल्या होत्या. शहापूरच्या बाजूच्या, अलीकडच्या गावातली ही म्हातारी, अंगणवाडीत मदतनीस होती, आता घरी बसलेली. यमूची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. त्या वाकल्या, ठिपका दोन बोटांत धरला आणि जोरात म्हणाल्या, "अगो बाय! हिरवा ठिपका? बिस्किटाच्या पुड्यावर असतो तो? म्हंजी शाकाहारी!"

लहानी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पिठाची मच्छी असंल, देवकीबाय. बाळ्या रातचा बसून थापतो."

"बरं झालं. आमच्या माळकरी भावोजींना घेऊन जाते. म्हणीन, सरकारनं परवानगी दिली."

वर्षा लाल झाली. "आजी, तो शाकाहारीचा ठिपका चौकटीत असतो. हा वेगळा. हा पर्यावरणाचा हाय."

"असू दे गो पोरी. कुणाचा पन असू दे." देवकीबायंनी ओळीवरून नजर फिरवली, एक रोहू उचलला आणि कल्ला न उघडताच पिशवीत घातला. "हा दे. लय दिवसांनी बरा मासा लावलास रे बाळ्या."

त्या दिवशी बारापैकी दहा गेले. दुसऱ्या दिवशी सगळे. गाड्या थांबायच्या, कुणी लेबलाचे फोटो काढायचं, कुणी विचारायचं, "ऑरगॅनिक आहे का?" बाळ्या 'हो' म्हणत नव्हता आणि 'नाही'ही म्हणत नव्हता, कारण त्याला तो शब्दच माहीत नव्हता. पण त्याला खरं नवल वाटलं ते गावातल्या बायांचं. तीन महिने पुढून निघून जाणाऱ्या बाया परत त्याच्यापाशी थांबायला लागल्या. त्या लेबलाकडं बघत नव्हत्या. चेष्टा करायच्या, "शाकाहारी दे एक," म्हणायच्या, पण घ्यायच्या त्याच्याकडूनच.

संस्थेच्या अनिता मॅडम आल्या, तेव्हा वर्षानं त्यांना छाती काढून सांगितलं, "मॅडम, गाववाले पन लेबल बघून घेतात आता." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. बाळ्याला बरं वाटलं. पाडव्याला महिना राहिला होता आणि जागा टिकणार असं दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात वारा सुटला. वाऱ्यात जाळं गोळा होतं आणि मासा लागत नाही. आदल्या दिवशीचे सात मासे बर्फात ठेवलेले होते आणि सकाळचे फक्त तीन मिळाले. बाळ्यानं दहाही मासे लावले, दहाही लेबलं नीट केली आणि बसला. दुपारपर्यंत सगळे खपले.

दुसऱ्या दिवशी त्याची पाटी उतरायच्या आधीच देवकीबाय जांभळीखाली उभ्या होत्या. हातात पिशवी नव्हती.

"बाळ्या, तुला मी काय वंगाळ केलं?"

"का ओ, देवकीबाय?"

"काल मला शिळा मासा घातलास."

"बर्फातला होता. चांगला होता."

"चांगला होता रे, मी खाल्ला ना. मी काय तो फेकला नाय. पन कालचा होता तर तसं सांगायचं. घरात जावई जेवायला. मी सांगितलं, आजची मच्छी हाय, यमूच्या जागेवरची हाय. तो बघतो तर तुकडा सुटतोय कढईत."

"तुमी विचारलं कुठं? मी कवा बोललो आजचा हाय म्हणून? मी शब्द तरी काढला काय तोंडातून?"

"तू नाय काढलास. माशानं काढला."

बाळ्या तिच्याकडं बघत राहिला. म्हातारीचं डोकं उन्हानं फिरलं असं त्याला वाटलं.

देवकीबायंनी पण त्याच्याकडं नीट पाहिलं. मग त्यांचा आवाज उतरला. "तुला ठाव नाय?"

"काय?"

"यमू मासा कसा लावायची ते ठाव नाय तुला?"

"मी कवा बघितलं?"

देवकीबाय खाली बसल्या. पाटीतला एक कटला उचलून त्यांनी पानावर ठेवला, तोंड रस्त्याकडं. "हा आजचा." दुसरा उचलला आणि उलटा ठेवला, शेपटी रस्त्याकडं. "हा कालचा. तोंड पुढं म्हंजी आजचा, शेपूट पुढं म्हंजी कालचा. एवढी वर्सं असंच चाललंय. आमी लांबून बघायचो नि ठरवायचो. घरात पाव्हणा असला तर तोंडाचा न्यायचो. आमची आमी असलो तर शेपटाचा, तो स्वस्त द्यायची. विचारायचं नाय, कल्ला उचकटायचा नाय. यमूच्या मच्छीचा कल्ला उघडून बघितला तर ती बोलायची नाय पुन्ना."

बाळ्या त्या दोन माशांकडं बघत होता.

"मग मी..." तो म्हणाला.

"तू इथं बसायला लागल्यापास्नं सगळी शेपटं. रोज. पयले आठ दिवस आमी तुझ्याकडं बघून घेतली. मग म्हटलं, माणूस दुःखात हाय, धरणावर जात नसंल, कुणाचा उरलेला माल आणून विकत असंल. बरं, खोटं बोलत नाय, शिळा हाय तर शिळा म्हणून मांडतो. त्याला काय बोलायचं? तुझी बायको गेलेली, तुझ्या तोंडावर कसं सांगायचं, का मच्छी शिळी आणतोस म्हणून?"

"ताजी होती," बाळ्या म्हणाला. "रोज सकाळची होती."

"आता कळलं."

त्यानं लहानीकडं पाहिलं. लहानी बोंबलांची जुडी उगीच सोडून परत बांधत होती. "मला वाटलं तुला ठाव हाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाळ्या लय खरा माणूस."

त्या दिवशी बाळ्यानं मासे विकले, बर्फ ओतला, जीप धरली. यमू गेली तेव्हा त्याला वाटलं होतं, की तिच्याबद्दल जे कळायचं ते कळून झालं. आता त्यात नवं काही येणार नाही. आणि इथं ही गोष्ट निघाली. बावीस वर्षं ती रोज करत होती आणि घरी एकदाही बोलली नव्हती. लपवायचं म्हणून नव्हे. त्यानंच कधी विचारलं नव्हतं. तो चुलीपाशी बसून जाळ्याचं, वाऱ्याचं, पाण्याचं सांगायचा आणि ती ऐकायची. 'तुझं आज कसं झालं?' हे वाक्य त्याच्या तोंडून गेल्याचं त्याला आठवेना. जीपमध्ये त्याचे डोळे भरून आले. शेजारी कॉलेजातली पोरगी बसली होती. त्यानं टॉवेल काढून घाम पुसल्यासारखं केलं.

घरी त्यानं वर्षाला सगळं सांगितलं. वर्षा आधी हसली, मग तिच्या ध्यानात आलं.

"म्हंजी गाववाल्या बाया लेबलानं नाय आल्या?"

"लेबल दिसावं म्हणून तू तोंडं फिरवायला लावलीस. तोंडं बघून आल्या."

"मॅडमनी वहीत लिहून घेतलंय, बाबा."

"मग खोड म्हणावं."

वर्षाला ते लागलं. ती म्हणाली, "गाडीवाले तरी लेबलानंच आले ना? ते काय तोंड-शेपूट बघत नाय." ते खरंच होतं, आणि बाळ्यानं तसं म्हटलंही.

पुढं दोघांनी मिळून एक तोड काढली. आजच्या माशाचं लेबल कल्ल्यात, कालच्या माशाचं लेबल शेपटीला. म्हणजे मासा कसाही ठेवला तरी लेबल रस्त्याकडंच. देवकीबायंनी दोन दिवस नुसतं बघितलं, तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आल्या.

पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा अनिता मॅडमचा फोन आला. मुरबाडच्या पुढं फार्महाऊस असलेलं एक जोडपं होतं. रविवारी पाहुणे येणार, दहा मासे हवेत, लेबलवालेच. माल पसंत पडला तर दर रविवारी नेतील. वर्षाला आनंद झाला. तिनं अजयला फोन करून सांगितलं. अजय म्हणाला, "असं असंल तर टेम्पोचं राहू दे. पन रविवारचं पक्कं होऊ दे आधी."

शनिवारी परत वारा. रविवारी सकाळी बाळ्यानं जाळं उचललं तर चारच मासे. बर्फात सहा. वर्षा त्याच्याबरोबर नाक्यावर आली आणि त्यानं चार तोंडं आणि सहा शेपट्या मांडल्या तशी ओळीकडं बघत राहिली.

"बाबा, ती माणसं ताजी म्हणून नेणार."

"मग काय करू? सगळी तोंडं पुढं करू?"

वर्षानं पलीकडं पाहिलं. देवकीबाय जीपची वाट बघत लहानीच्या पाटीपाशी बसल्या होत्या. "नको," ती हळूच म्हणाली. "हायेत तशी राहू द्या. तुमी खोटं मांडलं नाय. गाववाल्यांना कळतंय. गाडीवाल्यांना कळत नाय तर आपन काय करणार? तुमी फक्त गप बसा. मी बोलते."

त्यात चूक काय, ते बाळ्याला पटकन सांगता येईना. त्यानं खरंच खोटं मांडलं नव्हतं.

अकरा वाजता पांढरी गाडी थांबली. चष्मेवाली बाई उतरली, मागून तिचा नवरा. बाई वाकून लेबलं बघायला लागली. तिनं एक वाचलं, नवऱ्याला दाखवलं. "बघ, हेच ते. मोठ्या जाळ्याचे. छोटे मासे धरत नाहीत हे लोक." मग बाळ्याकडं बघून हसली. "छान काम करताय तुम्ही, काका. आम्ही आता लेबल नसेल तर घेतच नाही."

"बरं," बाळ्या म्हणाला.

"दहाच्या दहा द्या. ताजेच असणार ना? लेबल आहे म्हणजे विचारायलाच नको."

"हो मॅडम, पिशवी देते," वर्षा म्हणाली.

बाळ्यानं पहिला मासा उचलला. तोंडाचा. दुसरा उचलला. चौथ्यानंतर त्याचा हात शेपटीवर गेला आणि तिथंच राहिला. बाईनं विचारलं होतं. देवकीबायंनी त्या दिवशी विचारलं नव्हतं, कारण त्यांना माशानं सांगितलं होतं. हिला मासा काही सांगत नव्हता. हिला लेबल सांगत होतं, आणि लेबलावर जे नव्हतं तेही ती त्यात वाचत होती.

"बाय," तो म्हणाला, "हे चार आजचे. हे सहा कालचे हायेत. बर्फात होते. खराब नाय, पन कालचे हायेत."

वर्षानं डोळे मिटले.

बाई सरळ उभी राहिली. "पण यावर तर लेबल आहे."

"लेबल जाळ्याचं हाय. दिवसाचं नाय."

नवरा पुढं आला. "म्हणजे लेबल लावून तुम्ही शिळे मासे विकता?"

"कालचे विकतो. कालचे म्हणूनच विकतो. शेपटी तुमच्याकडं हाय ना, म्हंजी कालचा. इथल्या बायांना ठाव हाय. तुमाला ठाव नसंल म्हणून सांगितलं."

नवऱ्यानं शेपट्यांकडं पाहिलं, मग बायकोकडं. ती दोघं इंग्रजीत काहीतरी बोलली. बाई रागावलेली दिसत नव्हती, पण तिचं हसू गेलं होतं. "चारच द्या मग," ती म्हणाली. चार मासे घेऊन ती दोघं गाडीत बसली. पुढच्या रविवारचं कुणीच काही बोललं नाही. गाडी पुलावरून गेली.

वर्षा पिशव्यांची गुंडाळी हातात धरून उभी होती. "गप बसायला काय झालं होतं, बाबा?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळं बाळ्याला जास्तच लागलं. "आय असत्या तर..."

"आय असती तर तिनं पन सांगितलं असतं," बाळ्या म्हणाला. "तिच्या जागेवर बसून मी..."

"कुणी सांगितलं असतं?" देवकीबाय तिकडून म्हणाल्या. "यमूनं?"

"हो."

देवकीबाय हसायला लागल्या. पोट धरून हसायला लागल्या. लहानी पण. "अरे बाळ्या! यमू गाडीवाल्याला सांगणार? गाडी थांबली का ती डोळ्यानं आमाला खुणावायची, गप बसा म्हणून. तोंडाचे मासे पदराआड सारायची आमच्यासाठी, नि शेपटाचे सगळे गाडीत. वर म्हणायची, 'घ्या साहेब, आत्ताच पाण्यातनं काढलाय, अजून डोळा हलतोय!'"

"नि साहेब वाकून डोळा बघायचे," लहानी म्हणाली.

"एकदा एकानं विचारलं, का गो, मासे उलटे का ठेवलेस? तर म्हणते कशी, 'साहेब, लाजतात ते.'"

बाळ्याला ते आधी खरंच वाटेना. मग यमूचा आवाज त्याच्या कानात तसाच्या तसा आला, तो शेवटचा शब्द लांबवून बोलायची तो. आणि त्याला हसू फुटलं. बाळ्या हसला, खोकला, परत हसला. पाण्याच्या भांड्याला हात लागून ते कलंडलं. वर्षा त्याच्याकडं बघत राहिली. दिवाळीपासून तिनं सासऱ्याला हसताना पाहिलं नव्हतं. शेवटी तीही हसली, इच्छा नसताना.

"मग मीच येडा," बाळ्या डोळे पुसत म्हणाला.

"येडा नाय रे," देवकीबाय म्हणाल्या. "तिची तिची रीत, तुझी तुझी. तुला जमतं तसं तू कर. आमाला काय, तोंड-शेपूट बरोबर ठेवलंस म्हंजी झालं." त्यांनी एक कालचा रोहू उचलला. "हा दे. आज घरात मी एकटीच."

वर्षानं पिशवीतून काळं मार्कर पेन काढलं. उरलेल्या पाच लेबलांच्या कोऱ्या बाजूवर तिनं एकेक करून 'शनिवार' असं लिहिलं आणि ती बाजू वर करून ठेवली. ओल्या पुठ्ठ्यावर शाई थोडी पसरली, पण वाचता येत होतं. "मॅडमना सांगते," ती म्हणाली. "दिवस लिहायची जागा ठेवा म्हणते लेबलावर." मग थोडं थांबून, "अजयचा फोन येईल संध्याकाळी. काय सांगू?"

"सांग, टेम्पोला घालत नाय."

"रविवारचं गिऱ्हाईक गेलं ते सांगू?"

"सांग. सगळं सांग. नि सांग, बाबा बसतायत तिथंच."

वर्षानं पेनाचं टोपण लावलं आणि पाटीच्या पलीकडं, सावलीत बसली.

मुरबाडकडून जीप आली, भोंगा वाजवला. देवकीबाय पिशवी सावरत उठल्या.

"देवकीबाय," बाळ्या म्हणाला, "दुसरी जीप अर्ध्या तासानं हाय."

"मग?"

"नाय, म्हटलं... अजून काय काय करायची ती?"

देवकीबायंनी जीपवाल्याला हात केला, जा म्हणून. बाळ्यानं बारदानाची घडी त्यांच्याकडं सरकवली. त्या बसल्या, पिशवी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तुला त्या पोलिसाची गोष्ट सांगितली का रे तिनं?"

"नाय," बाळ्या म्हणाला. "कुठच्या पोलिसाची?"